सही आधी की फॉर्म आधी? प्रकल्पाच्या सिनॉप्सिसवर चर्चा

प्रकल्प तपासनीस: सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सुरुवातीच्या आराखड्यात, गृहीतक (उत्तराचा तपासून पाहायचा अंदाज) आणि कार्यपद्धती लिहून त्यावर सही झाल्याशिवाय प्रश्नावली वाटू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलं आधी दोनशे फॉर्म भरून आणतात आणि मग विचारतात, "मॅडम, यातून काय काढू?" दोनशेच का, याचं उत्तर नसतं. टक्केवारीचा अंदाज ९५ टक्के विश्वासपातळीवर ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या लोकांत, सुमारे ३८५ जण लागतात. १० टक्के चालत असतील तर ९७ पुरतात. हा हिशोब नंतर मांडून काय उपयोग?

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी: हिशोब पटला. पण पहिल्या महिन्यात प्रश्नच कुठे कळलेला असतो? मी तीन गृहीतकं लिहिली, कारण आधीच्या कुणाच्या तरी प्रकल्पाच्या जुन्या प्रतीत तीन होती. पंधरा जणांशी बोलल्यावर लक्षात आलं की माझा मुख्य प्रश्न त्यांना लागूच होत नाही. बदल मागितला, तर "शीर्षक मंजूर झालंय" एवढंच उत्तर मिळालं. मग ज्यावर माझाच विश्वास उरला नव्हता, त्यावर ऐंशी पानं लिहिली. पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४ मध्ये अँटेनातल्या गोंगाटातून विश्वाचं पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटानंतर उरलेलं प्रारण, सापडलं, ते कुठल्या सिनॉप्सिसमध्ये होतं?

सांख्यिकीवाला: उदाहरण उलटं पडतंय. अँटेनातून किती गोंगाट यावा हे त्यांनी आधी मोजून ठेवलं होतं, म्हणूनच जास्तीचे सुमारे ३.५ केल्विन (हा गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात) खटकले. अपेक्षा लिहिलेलीच नसेल तर वेगळं काय ते कळणार कसं? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निष्कर्ष लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारे, होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच. याची कारणं अनेक असतील, पण आकडे पाहून गृहीतक बेतणं ही सवय विद्यार्थीदशेतच लागते.

मुलाखतींवर काम करणारा: सरसकट गृहीतक मागू नका. मुलाखतींच्या अभ्यासात प्रश्न नेमका हवा, उत्तराचा अंदाज नको.

प्रकल्प तपासनीस: हे मान्य. शीर्षक अडवून धरणंही चूकच. बदल तारीख आणि कारणासह नोंदवला की झालं. त्या पंधरा भेटी पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी, म्हणून सिनॉप्सिसच्या आधीच व्हायला हव्या होत्या. त्यासाठी तीन आठवडे द्यावेत.

विद्यार्थिनी: तीन आठवड्यांत आधीचं संशोधनही वाचून होत नाही, मॅडम. दोन महिने तरी द्या.