स्वतः बनवलेली ईएक्सई (विंडोजवर चालणारी प्रोग्राम फाइल) अँटिव्हायरस उडवतोय, काय करू?

काकांच्या किराणा दुकानासाठी पायथनमध्ये छोटं बिलिंग सॉफ्टवेअर बनवलंय, पायइन्स्टॉलरने (पायथन कोडची ईएक्सई बनवणारं टूल) वनफाइल, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये असलेली, ईएक्सई केली पण त्यांच्या पीसीवर डबल क्लिक केलं की अँटिव्हायरस ती थेट क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइल्स अडकवून ठेवायची जागा) टाकतो. स्कॅनिंग बंद करायला सांगू का?

उत्तर १: बंद अजिबात नको! वनफाइल चालताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि मालवेअरवालेही पायइन्स्टॉलर वापरतात, म्हणून संशय येतो. वनडिर (एका फाइलऐवजी अख्खं फोल्डर) करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

उत्तर २: आधी व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांनी तपासणारी साइट) टाका, दोन-तीनच इंजिनं ओरडली तर बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे चुकीचा इशारा. गिऱ्हाइकांची उधारी वगैरे आत असेल तर मात्र टाकू नका हं, तिथली फाइल इतरांच्याही हाती लागते.

उत्तर ३: अँटिव्हायरस कंपनीलाही सॅम्पल म्हणून ही फाइल पाठवाच, चुका त्यांच्याही होतात. २०१० मध्ये मॅकॅफी अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली होती.