मदत हवी आहे: शुगर नसताना शुगरची गोळी?

बाबांना (वय 71) मधुमेह नाही. हृदयाचं पंपिंग 30 टक्के, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.6. फिजिशियननी डापाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, "ही तर शुगरची!" झालं, बाबांनी पाकीट कपाटात टाकलं. 2019 च्या डापा-एचएफ चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरमध्ये फायदा दिसला होता, त्यामुळे गोळीला माझा विरोध नाही.

अडचण वेगळीच आहे. नवरात्राचे नऊ दिवस बाबा जेमतेम फळं-पाण्यावर काढतात, ऐकत नाहीत. जोडीला लघवीची गोळी आहेच. अशा उपासात किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर ही गोळी थांबवतात ना? किती दिवस आधी? सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं म्हणे, मग रक्त कधी तपासायचं? घटस्थापना आठवड्यावर आलीये, अपॉइंटमेंट मात्र त्यानंतरची. इथले कुणी डॉक्टर सांगतील का?