दहावी झालेला भाचा गाळ्यावर ‘शिकाऊ’ म्हणून लागला आहे. हे कायद्यात बसते का?

भांडुपची मावशी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या बहिणीच्या मुलाला १६ वर्षे ४ महिने पूर्ण झाली आहेत. यंदा तो दहावी झाला आणि अकरावीला जाण्यापेक्षा हाताला काम शिकायचे, असा हट्ट त्याने धरला. साकीनाक्याला खैरानी रोडवर ओळखीतल्या एका गृहस्थांचा इंजिनीअरिंगचा गाळा आहे. त्यांनी ‘शिकाऊ म्हणून ठेवतो, महिन्याला आठ हजार देतो’ असे सांगितल्यावर घरातल्या सगळ्यांनाच बरे वाटले. वेळ सकाळी ९ ते रात्री ८.

परवा रात्री तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या उजव्या पापणीच्या कडेला एक काळी बारीक कणी चिकटलेली दिसली आणि तो सारखा डोळा चोळत होता. विचारल्यावर कळले की गेले पंधरा दिवस त्याला ग्राइंडरवर बसवून जॉबच्या (घडवायच्या धातूच्या तुकड्याच्या) कडांची बर (राहिलेले धारदार कंगोरे) काढायला लावतात, चष्मा गाळ्यात एकच आहे आणि तो जुन्या कारागिराकडे असतो. लेथ (जॉब फिरवून कापणारे यंत्र) चालू असतानाच चकजवळचे (जॉब पकडून फिरणाऱ्या भागाजवळचे) तेल वेस्टने (सुताच्या गुंत्याने) पुसायलाही सांगतात. मी मालकांना फोन केला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे पडले की १४ वर्षांवरच्या मुलाला कामाला ठेवण्यास कायद्याची हरकत नाही आणि हा तर कामगारही नाही, शिकाऊ आहे.

शिकाऊ म्हटले की बालमजुरीचे नियम लागू होत नाहीत, हे खरे आहे का? मुलाची शिकण्याची इच्छा खरी आहे. ती मोडायची नाही, पण हे असे शिकणे मला बरे वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिल्प निदेशक

ताई, सर्वांत आधी मुलाला उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लोखंडाची कणी बुबुळावर रुतून राहिली तर एकदोन दिवसांत तिथे गंज धरतो, आणि चोळल्याने जखम वाढते. कायद्याचे त्यानंतर पाहू.

मालक अर्धे खरे बोलत आहेत. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम १९८६ चा. त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यास, घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावणे आणि बालकलाकार हे दोन अपवाद सोडले, तर सरसकट बंदी आहे. १४ पूर्ण पण १८ अपूर्ण असलेला मुलगा कायद्याच्या भाषेत ‘किशोरवयीन’ होतो. त्याला काम करता येते, परंतु खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि अनुसूचीतल्या धोकादायक प्रक्रिया त्याला पूर्ण बंद आहेत. त्या अनुसूचीत फाउंड्री आहे, इलेक्ट्रोप्लेटिंग आहे, चामडे कमावणे आहे आणि आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी नोंद म्हणजे धातू घासणे किंवा त्याला चकाकी आणणे. दिवसभर ग्राइंडरवर बसवणे म्हणजे नेमके तेच.

आता ‘शिकाऊ’ या शब्दाविषयी. मी ज्या आयटीआयत शिकवत होतो तिथे दर वर्षी असे पालक येत, आणि त्यांना मी एकच गोष्ट विचारीत असे : करार कुठे आहे? शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. त्यानुसार शिकाऊ उमेदवार तोच, ज्याचा मालकाशी लेखी करार झाला आहे. उमेदवार अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर त्या करारावर पालकाची सही लागते आणि तो नोंदवावा लागतो. मालकाने तोंडाने ‘शिकाऊ’ म्हटल्याने कोणी शिकाऊ होत नाही. किमान वय इथेही १४ आहे, पण धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी २०१४ च्या दुरुस्तीने ते १८ केले. म्हणजे करार असो वा नसो, ज्या कामात धोका आहे तिथे १८ ची अट आड येतेच.

करार नसेल तर भाचा किशोरवयीन कामगार ठरतो आणि त्याला १९८६ च्या कायद्यातले कामाच्या वेळेचे संरक्षण मिळते. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही; त्यानंतर किमान १ तास विश्रांती; विश्रांती धरून दिवसाचा पसारा ६ तासांच्या आत; संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही; ओव्हरटाइम अजिबात नाही; आठवड्याला एक सुट्टी. ९ ते ८ म्हणजे ११ तास झाले, आणि शेवटचा तास तर ७ नंतरचा आहे. (त्याच्या आठ हजारांचा मोह पडू देऊ नका. २०१९ च्या नियमांत दहावी झालेल्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन पहिल्या वर्षी दरमहा ६,००० रुपये आहे, त्यामुळे आठ हजार जास्त दिसतात. पण करार नसताना तो कामगार आहे आणि कामगाराला किमान वेतन लागते.)

खरा शिकाऊ उमेदवार असता तर वेगळे घडले असते. त्या कायद्यात शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाहीत, हे मालकांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा व कल्याणाच्या तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू केल्या आहेत, आणि कलम १६ नुसार प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. चालू यंत्राचे फिरते भाग पुसणे, त्यांना तेल घालणे ही कामे १८ खालच्या मुलाला देऊ नयेत, हा नियम कारखाने अधिनियमात १९४८ पासून होता. वेस्टचा धागा चकमध्ये अडकला की तो हाताला सोबत घेऊन जातो. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगत असे.

अंधेरीतला गाळेधारक

मी एमआयडीसीत गाळा चालवतो, माझ्याकडे ११ माणसे आहेत. ताईंच्या भाच्याच्या बाबतीत जे चालले आहे त्याचे समर्थन मी करणार नाही. तरीही एक बाजू मांडावीशी वाटते. आमच्यासारख्या छोट्या मालकांपैकी अनेकांना शिकाऊ उमेदवार ठेवण्याचा रीतसर मार्ग आपल्यासाठी आहे हेच ठाऊक नसते. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, पण ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक आहे, म्हणजे घेता येतात. मी शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी केली तेव्हा आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राच्या लोकांनी बसवून सगळे समजावले. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देते.

माझ्याकडे १७ वर्षांचा एक उमेदवार होता. त्याला वर्षभर मी ग्राइंडरजवळ उभे केले नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची साधने धरणे, ड्रॉइंग वाचणे, जॉब तपासून वहीत माप लिहिणे, हाताने फाइल (कानस) मारणे आणि बंद लेथवर टूल बसवणे, एवढेच त्याने केले. सुरुवातीला माझ्या कारागिरांना वाटले की हा पोरगा फुकट बसतो. आज त्याने नाकारलेला जॉब कोणी पुढे पाठवत नाही. साडेपाचला त्याला सोडण्यासाठी मला डिस्पॅचची वेळ बदलावी लागली, त्याचा थोडा त्रास झाला, पण ते जमते.

भांडुपची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि बहिणीचे यजमान गाळ्यावर जाऊन आलो. कराराचे विचारल्यावर मालक ‘ते मग बघू’ म्हणाले. मुलाला काढून नेत असाल तर पंधरा दिवसांचे पैसे मिळणार नाहीत, ते शिकवण्याच्या खर्चात वळते झाले, असेही त्यांनी सांगितले. बहीण आता घाबरली आहे. तक्रार केली तर मुलाला कामाला पाठवले म्हणून आईवडिलांवरच गुन्हा येईल, असे शेजाऱ्यांनी तिच्या डोक्यात भरवले आहे. दुसरे असे की कोणी तरी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव घाला म्हणतात; त्याचा उपयोग होईल का?

कामगार खटले चालवणारी वकील

ताई, योजनेचे आधी सांगते : त्या योजनेला वयाची अट १८ ते ३५ आहे, त्यामुळे भाच्याला ती आज लागू नाही.

आईवडिलांची भीती समजण्यासारखी आहे, परंतु २०१६ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की पहिल्या वेळी पालकांना शिक्षा होत नाही. पुन्हा तसेच घडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मालकाला मात्र पहिल्याच वेळी, किशोरवयीन मुलाला धोकादायक प्रक्रियेत लावल्याबद्दल, ६ महिने ते २ वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. तक्रार कोणालाही करता येते. त्यासाठी आई किंवा वडील असणे आवश्यक नाही, मावशीही चालते. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि पेन्सिल नावाच्या केंद्राच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पैसे अडवण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण घरची माणसे इथेच हार मानतात. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे, आणि त्याच्या कलम ७९ नुसार कामाला ठेवलेल्या बालकाची कमाई अडवून धरणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. हे कलम लिहून एक साधे पत्र मालकांना द्या, त्यात मुलाने कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले ते नमूद करा आणि पोच घ्या. मुलाच्या वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला यांच्या प्रती जवळ ठेवा. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद तर आवर्जून ठेवा.

निदेशक सरांच्या उत्तरात एक भर घालते. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम त्यांपैकी सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत गेला, त्यामुळे जुन्या कलमांचे क्रमांक आता तसेच्या तसे उद्धृत करू नयेत. मात्र १९८६ चा आणि १९६१ चा हे दोन्ही कायदे त्या संहितांमध्ये विलीन झालेले नाहीत. ताईंचे प्रकरण मुख्यतः त्या दोघांवरच उभे आहे.

माझा अनुभव असा की १४ खालचे मूल कामावर दिसले तर लोक हटकतात, पण १५-१६ चा मुलगा मिसरूड फुटलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जरीच्या माळ्यावर, प्लेटिंगच्या गाळ्यात, भट्टीजवळ सर्वांत जास्त दिसतो तो याच वयाचा मुलगा, आणि मालकाच्या तोंडी त्याचे नाव नेहमी ‘शिकायला आलाय’ हेच असते.

निवृत्त शिल्प निदेशक

वकीलताईंची भर योग्य आहे, मी जुन्या सवयीने लिहिले. मुलाला खरोखर मशीनचे काम शिकायचे असेल तर माझे मत आधी आयटीआय, मग उमेदवारी असे आहे. दहावीला गणित व विज्ञान असेल तर फिटर किंवा टर्नरला अर्ज करता येतो. दोन वर्षे झाली की तो १८ चा झालेला असेल आणि मग उमेदवारीत ग्राइंडरसमोर उभा राहिला तरी हरकत नाही. थेट उमेदवारीचाही मार्ग आहे. माझगाव डॉकच्या जाहिरातीत आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांचे वेगवेगळे गट असतात, रेल्वेच्या परळ-माटुंग्याच्या कार्यशाळांत १५ पूर्ण झालेल्यांना घेतात, पण तिथे आयटीआय झालेले लागते. तिथे करार, विद्यावेतन आणि शिकवणारा माणूस या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून असतात.

भांडुपची मावशी

पत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून ४,००० रुपये हातात ठेवले. तक्रार करायची की नाही, हे बहीण आणि तिचे यजमान ठरवत आहेत. गाळ्यात याच्याच वयाचा आणखी एक मुलगा आहे, असे भाच्याने सांगितल्यापासून माझे मन तक्रारीकडे झुकले आहे. मुलुंडच्या आयटीआयत फिटरसाठी अर्ज भरला.

डोळ्यातून दोन कण्या निघाल्या. दुसरीभोवती तांबूस कडे धरू लागले होते, ते डॉक्टरांनी भिंगातून बहिणीला दाखवले. बुधवारी पुन्हा तपासायला बोलावले आहे.