नुसतं ‘केगल कर’ सांगून भागत नाही

बाळंतपणानंतर शिंकताना लघवी निसटते, असं वर एका ताईंनी लिहिलंय आणि बहुतेकींनी ‘घरीच केगल कर’, म्हणजे लघवी रोखून धरणारे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम कर, असं सुचवलंय. व्यायाम योग्यच आहे, पण आधी पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे मूत्राशय-गर्भाशयाला खालून आधार देणाऱ्या याच स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, ही कळकळीची विनंती. स्नायू आवळायला सांगितले की अनेकजणी पोट किंवा मांड्या आवळतात, काहीजणी तर उलट खाली जोर देतात. डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनीही आकुंचन मोजायला उपकरण वापरलं होतं. लघवी मध्येच थांबवून रोज सराव मात्र करू नका.

उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेची शिफारस आहे देखरेखीखाली किमान ३ महिने, दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ आकुंचनं. म्हणजे आठवड्याभरात फरक नाही पडला म्हणून सोडू नका, ताई.

आणि जिला संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, तिचे स्नायू बऱ्याचदा आधीच आखडलेले असतात. तिला आधी ते सैल सोडायला शिकवतात. नुसते केगल करत राहिल्यास दुखणं वाढू शकतं. आतून तपासणी नको असेल तर स्पष्ट सांगा, तुमच्या संमतीशिवाय ती होता कामा नये.