शब्दचर्चा : 'वर्तमानात राहा' याला रोजच्या बोलण्यातला शब्द

प्रश्न

सोसायटीच्या हॉलमध्ये मी सकाळी साडेसहाला योगाचा वर्ग घेते. बहुतेक जणी पन्नाशीपुढच्या. माझं शिक्षण इंग्रजी पुस्तकांवरून झालं, त्यामुळे 'वर्तमान क्षणात राहा' हे वाक्य तोंडात बसलंय. परवा वृक्षासन चाललं होतं. एक काकू डाव्या पायावर उभ्या, पायाची बोटं मॅटवर आवळलेली आणि नजर दाराकडे. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी पाय खाली टेकवला नि विचारलं, "अगं, म्हणजे नेमकं करू काय?" मला सांगता येईना. 'सजगता' पुस्तकी वाटतो, 'साक्षीभाव' फार मोठा. दुसरं काय म्हणता येईल?

प्रतिसाद

'भान'. मूळ 'भा' धातू, म्हणजे प्रकाशणे. जे आपल्यापुढे उजळलंय ते भान. भानावर ये, वेळेचं भान ठेव, हे घराघरात बोललं जातं.

प्रतिसाद

भान मलाही आवडतो, पण मराठीत भान हरपणं हेही सुखाचं आहे. वारीत, कीर्तनात टाळमृदंग टिपेला पोचले की देहभान विसरतं, आणि त्यासाठीच तर माणसं जातात. आसनात नेमकं उलट हवं असतं : भार टाचेवर आहे की चवड्यावर, श्वास कुठे अडकला, हे कळत राहायला हवं. म्हणून नुसतं 'भान' न म्हणता 'देहभान राखा' म्हणावं. एकच शब्द, एकीकडे हरवायचा नि दुसरीकडे राखायचा. मला यात विरोध वाटत नाही, दोन वाटा वाटतात.

प्रतिसाद

पाली भाषेत यासाठी 'सति' आहे, तो संस्कृतातला 'स्मृती'. विपश्यना ध्यानात तोच शब्द चालतो. म्हणजे मुळात आठवण! मन भटकलं हे आठवणं आणि परत येणं.

प्रतिसाद

माझं मत 'अवधान'. 'धा' म्हणजे ठेवणे. मन एका जागी ठेवणं ते अवधान. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकलें दीजे' असाच सुरू होतो. पुढे हा शब्द रोजच्या बोलण्यातून मागे पडला, त्याचा नकार तेवढा राहिला : 'अनवधानाने चूक झाली'. आणि राहिला तो 'सावधान'मध्ये, स + अवधान. लग्नात अक्षता हातात घेऊन आपण तो ऐकतो, शाळेत कवायतीला ऐकलेला असतो. 'धोका आहे, जपून' हा अर्थ आज वर आलाय. 'मन इथं आणा' हा मूळचा.

मात्र कवायतीतलं सावधान ताठ असतं, आणि ते सोडायला 'विश्राम' म्हणावं लागतं. योगसूत्रांत पतंजली आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' (२.४६), म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, अशी करतात, आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्नशैथिल्य सांगतात, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं. सावधान आणि विश्राम एकाच उभं राहण्यात! तुमच्या काकूंची आवळलेली बोटं म्हणजे पहिलंच, दुसऱ्याशिवाय. त्यांना शब्दाच्या आधी बोटं सैल करायला सांगा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तसंच केलं. "काकू, बोटं सैल सोडा, आणि अवधान टाचेत ठेवा." त्या क्षणभर थांबल्या. बोटं एकेक करून पसरली, करंगळी सगळ्यात शेवटी. घोटा थरथरला आणि मग शांत झाला. पाच श्वास उभ्या राहिल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "परवा गॅस बंद केला का, तेच आठवत होते गं." 'ठेवा' या क्रियापदाने काम केलं असं मला वाटतं, 'राहा' म्हटल्यावर कुठे राहायचं ते कळत नव्हतं.

आता शवासनाचं सांगा. तिथं 'ठेवा' म्हटलं की बायका कपाळाला आठ्या घालतात. ठेवणंही सोडायचं असेल तर कोणतं क्रियापद वापरता?