रेड डेड रिडेम्पशन २ : पिस्तूल-द्वंद्वात नेम धरायला वेळच मिळत नाही

प्रश्न (पश्चिमवारा)
या व्हिडिओ गेममधील व्हॅलेंटाइन गावाच्या सलूनमध्ये (दारूच्या गुत्त्यात) भेटणारा लेखक थिओडोर लेव्हिन याने सोपवलेल्या बंदूकबाजांच्या शोधात मी एमेट ग्रेंजरपाशी अडकलो आहे. द्वंद्व सुरू होताच मी आर-२ (कंट्रोलरवरील उजवा ट्रिगर) पूर्ण दाबतो आणि नायक आर्थरचे रिव्हॉल्व्हर लगेच बाहेरही येते. परंतु त्यानंतर काळ इतका थोडा वेळ मंदावतो की नेम छातीपर्यंत नेण्याआधीच ग्रेंजरची गोळी लागते. एरवीच्या चकमकींत डेड आय (काळ मंदावून नेम धरू देणारी क्षमता) मला व्यवस्थित वापरता येते. द्वंद्वाची यंत्रणा वेगळी आहे का, आणि असल्यास ती नेमकी कशी चालते, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर (रानवाट)
यंत्रणा वेगळी आहे, आणि तिचे सारे मर्म आर-२ किती सावकाश दाबला जातो यात आहे. हा ट्रिगर साध्या बटणासारखा केवळ ‘दाबला’ किंवा ‘सोडला’ एवढेच ओळखत नाही. तो किती खोल गेला आहे हेही खेळाला कळत असते. द्वंद्वात तो हलकेच दाबून धरला की पडद्यावरील मापक भरू लागतो आणि पूर्ण दाबला की आर्थर पिस्तूल उपसतो. उपसण्याच्या क्षणी मापक जितका भरलेला असेल, तितका डेड आयचा वेळ तुमच्या वाट्याला येतो. तुम्ही पहिल्याच क्षणी ट्रिगर तळाला नेत असल्यामुळे मापक जवळजवळ रिकामाच राहतो, आणि म्हणून पिस्तूल लवकर बाहेर येऊनही नेम धरण्यापुरता अवकाश उरत नाही.

तेव्हा बोट ट्रिगरच्या वरच्या भागातच स्थिर ठेवा, मापक भरत आला की मग एकदाच शेवटपर्यंत दाबा. मात्र प्रतिस्पर्धी आपल्यासाठी थांबून राहत नाही, त्यामुळे मापक काठोकाठ भरण्याचा हट्ट धरून चालत नाही. त्याचा हात पिस्तुलाकडे झेपावताना दिसला की आहे तेवढ्यावर उपसावे. काही कंट्रोलरवर ट्रिगरचा प्रवास आखूड करणारी खटकी असते. वेगवान नेमबाजीच्या खेळांत ती उपयोगी पडते, येथे मात्र तिच्यामुळे हलका दाब देणेच अशक्य होते, म्हणून ती आधी काढून ठेवावी.

उत्तर (जुनाखेळाडू)
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त २०१० चा पहिला भाग खेळून आलेल्यांसाठी एक भर घालतो, कारण तेथील सवय येथे उपयोगी पडत नाही. त्या भागात पिस्तूल उपसल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर नेम फिरवत खुणा कराव्या लागतात. नेमाचे चिन्ह पांढरे आणि लाल असे बदलत राहते. पांढरे असताना केलेली खूण तुमचा मापक अधिक भरते. पिस्तूल धरलेल्या हातावर नेम धरला, तर प्रतिस्पर्ध्याला जिवंत ठेवून निःशस्त्र करता येते आणि त्याने त्या भागाचा नायक जॉन मार्स्टन याचा सन्मान वाढतो. मला स्वतःला द्वंद्व संपवण्याची हीच रीत सर्वांत देखणी वाटते.

उत्तर (सावधनेम)
आधी उपसणाराच जिंकतो, हा समज मुळातूनच तपासून पाहण्याजोगा आहे. पाश्चात्त्य चित्रपटांत नंतर उपसणारा नायक नेहमी का जिंकतो, असा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना पडला होता, आणि त्यांनी सहकाऱ्यांसह खेळण्यातल्या पिस्तुलांनी तो पडताळूनही पाहिला. पुढे २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, दुसऱ्याच्या हालचालीला प्रत्युत्तर म्हणून केलेली हालचाल सुमारे २१ मिलिसेकंदांनी जलद होते. पण प्रतिसाद सुरू व्हायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागत असल्याने हा लाभ प्रत्यक्षात पुरत नाही. म्हणजे आधी उपसण्याचा फायदा असतो, तरी इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण मात्र घाईच्या बाजूचे नाही. २१ जुलै १८६५ रोजी मिसुरीतील स्प्रिंगफील्ड येथे वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट समोरासमोर आले, तेव्हा त्यांच्यात सुमारे ७५ यार्डांचे अंतर होते. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी गोळी झाडली. टटचा नेम चुकला, हिकॉकचा लागला. इतक्या अंतरावर हाताच्या चपळाईपेक्षा स्थिर नेमालाच मोल होते, आणि या खेळातील मापकही तुमच्याकडून नेमकी तीच स्थिरता मागतो.

प्रश्नकर्ता (पश्चिमवारा)
सर्वांचे मनापासून आभार. ट्रिगर अर्ध्यावर धरून ठेवल्यावर डेड आयचा वेळ ठळकपणे वाढला आणि ग्रेंजर पडला. आता केर्न लेकवर फ्लाको हर्नांडेझकडे जाण्यापूर्वी आणखी काही लक्षात ठेवावे का?

उत्तर (रानवाट)
फ्लाकोशी द्वंद्वाची पद्धत हीच आहे, परंतु त्याआधी त्याच्या साथीदारांशी चकमक होते, म्हणून प्रकृती आणि काडतुसे भरून घेऊनच वर जावे. ग्रेंजर पडल्यावर त्याचे छायाचित्र घेतले नसेल, तर ते आधी घ्या, कारण लेव्हिनला पुस्तकासाठी छायाचित्रच हवे आहे. ग्रेंजरचे रिव्हॉल्व्हरही उचलायला विसरू नका.