शेख रदवानचा मैला आधी उपसावा, की आधी प्रक्रिया केंद्र दुरुस्त करावे?

धागालेखक: गाझा शहरातील शेख रदवान तलाव पावसाचे पाणी साठवून पंपाने समुद्रात सोडण्यासाठी आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्रायलने वीज तोडली, इंधन अडवले, पुढे पंप आणि वाहिन्याही हल्ल्यांत मोडल्या, आणि भोवतीच्या दाट वस्तीचे मैलापाणी त्याच तलावात तुंबले. साचलेल्या मैल्यातील प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी रेंगाळतो, आणि त्याचे प्रमाण फार वाढले तर नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणून वास येत नाही एवढ्यावरून धोका टळला असे मानता येत नाही. माझ्या मते मैला आधी वस्तीतून हलवावा, मग तो प्रक्रियेविना समुद्रात गेला तरी चालेल, आणि त्यासाठी डिझेल व पंपांचे सुटे भाग विनाअट आत जाऊ द्यावेत.

प्रतिसाद: हे मला मुळीच मान्य नाही. वरळी-वांद्र्याचे मैलापाणी बोगद्यांतून किनाऱ्यापासून ३ किलोमीटरहून अधिक आत सोडले जाते. गाझात ते पुळणीलगतच पडते आणि त्याच पुळणीवर विस्थापितांचे तंबू आहेत, तिथेच मुले पाण्यात उतरतात आणि कोळी जाळी टाकतात. गाझातून वाहत आलेल्या मैल्यामुळे २०१६मध्ये इस्रायलमधील अश्कलॉनचे निःक्षारीकरण (समुद्राचे पाणी गोडे करणारे) केंद्र काही काळ बंद ठेवावे लागले होते. गाझा शहराचे मैलापाणी शुद्ध करणारे शेख अजलीनचे प्रक्रिया केंद्र दुरुस्त होईपर्यंत आपण दुर्गंधीची फक्त जागा बदलत राहू.

धागालेखक: प्रक्रिया केंद्राला अखंड वीज लागते आणि दुरुस्तीला महिने लागतात, पंप मात्र जनरेटरवर लगेच चालू होतो. दरम्यान लोकांनी कुठे जावे? मार्च २००७मध्ये उत्तर गाझातील उम्म अल-नस्र येथे मैल्याच्या तलावाचा बांध फुटून माणसे बुडाली होती. जुलै २०२४मध्ये मैलापाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला आणि पुढच्याच महिन्यात दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाल्याचे निष्पन्न झाले. पंचवीस वर्षांत तिथे असे घडले नव्हते.

प्रतिसाद: बांध फुटण्याच्या धोक्यापुरता तुमचा मुद्दा मान्य आहे. परंतु उपसा सुरू करायचा असेल, तर नळाचे तोंड तंबूंपासून दूर न्यायला पुरेसे पाइप पंपांसोबतच आत आले पाहिजेत. असे पाइप लष्करी वापराच्या संशयावरून वर्षानुवर्षे अडवले गेले आहेत. तेव्हा विनाअट प्रवेशाची तुमची मागणी डिझेल आणि सुट्या भागांपाशी थांबता कामा नये.